जळगाव-धुळ्याहून गाडीने नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात: नांदुरी, वणी, दिंडोरीचे रस्ते आणि घाट

गिरणाकाठ (जळगाव)

बठ्ठास्ले राम राम.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण गाडीने निघतोय. सासूबाईंचा सप्तशृंगीचा नवस फेडायचा आहे. त्याला जोडून दोन दिवस दिंडोरी-नाशिककडचे द्राक्षमळे आणि एखादी वायनरी बघायची आहे. सासरे रावेरकडचे, त्यांचा जन्म केळीत गेला. "वाईनचं द्राक्ष खायच्या द्राक्षाहून वेगळं कसं, ते मला बागेत उभं राहून बघायचंय," असं वर्षभर चाललंय त्यांचं. नवऱ्याला चव घ्यायची आहे. मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला गाडी लागते.

गाडी मीच चालवणार. तीन वर्षं चालवतेय, पण जळगाव-भुसावळ आणि जळगाव-धुळे, म्हणजे सगळा सपाट रस्ता. घाट एकदाच पाहिलाय, चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट, तोही शेजारच्या सीटवरून. पेट्रोलची लहान गाडी आहे, साधे गिअर.

कोणत्या रस्त्याने जावं? किती दिवस धरावेत? आणि घाटाची भीती कशी घालवावी? मनातलं सगळं लिहिलंय, उत्तरंही तशीच मोकळी द्या.

पांझराकाठ (धुळे)

ताई, धुळ्यापर्यंत तुमचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे. पारोळामार्गे साधारण ९५ किलोमीटर. तिथून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत, ओझर, नाशिक, असे धुळ्यापासून १५५-१६० किलोमीटर. रस्ता रुंद आहे. घाट म्हणावा असा एकच, चांदवडच्या अलीकडचा राहुड. जाताना तो चढ म्हणून लागतो आणि फार जाणवत नाही. येताना मात्र मालेगावकडे मोठा उतार आहे, आणि लोड भरलेले ट्रक ब्रेक गरम झालेल्या अवस्थेत तुमच्या मागे असतात. तिथे डावी लेन धरा, आणि ट्रकच्या पुढे जाऊन लगेच ब्रेक दाबू नका.

दुसरा पर्याय पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड, चांदवड. हा दुभाजक नसलेला रस्ता आहे, गावं जास्त लागतात. पहिल्यांदा जाताय तर महामार्गच घ्या.

बागलाणी (सटाणा)

पांझराकाठ भाऊंनी नाशिकचा रस्ता बरोबर सांगितला, पण सप्तशृंगीचा गड आधी करायचा असेल तर नाशिकला जायची गरजच नाही. मालेगावहून आत वळा: सटाणा, कळवण, नांदुरी. नांदुरीपासून गडापर्यंत १० किलोमीटरचा घाट. दर्शन करून खाली उतरा, मग वणी, दिंडोरी, नाशिक. वणी सोडलं की दोन्ही बाजूंना बागाच बागा. परत येताना महामार्ग. असा गोल फेरा केला की एकच रस्ता दोनदा लागत नाही.

मॅपमध्ये "वणी" टाकू नका. यवतमाळ जिल्ह्यातही वणी आहे. शिवाय आपल्याकडे वणीची देवी म्हणतात खरं, पण देवी वणी गावात नाही, गडावर आहे. "नांदुरी" टाका.

किलोमीटरवर जाऊ नका, ही कळकळीची विनंती. मालेगाव ते नांदुरी आकड्यात थोडं दिसतं. पण फेब्रुवारीत या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॉल्या असतात, उसाच्या बैलगाड्या असतात, आणि पुढे दिंडोरी भागात द्राक्षाच्या क्रेट भरलेल्या पिकअप. ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असं नाही. अंधार पडला की उभी ट्रॉली दहा पावलांवर आल्यावर दिसते. आमच्या वस्तीतला एक मुलगा असाच गेला, मोटारसायकलवर होता. म्हणून सांगतो, दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचा. तासाला ३५ किलोमीटर धरून हिशोब करा, वेळ उरली तर चहा प्या.

साक्री-पिंपळनेरकडून येणाऱ्यांसाठी: पिंपळनेर-ताहाराबाद रस्त्यावर शेलबारी घाट आहे. छोटाच, पण अवजड गाड्या फार. ताहाराबादवरून मांगीतुंगीला वळता येतं. ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती बघायची असेल तर अर्धा दिवस वेगळा ठेवा. आणि हवा स्वच्छ असेल तर साल्हेरचा किल्ला दिसतो, १५६७ मीटर, कळसूबाईच्या खालोखाल राज्यातला उंच. गाडी थांबवून बघा, चालवता चालवता नको.

घाटकर आप्पा (धुळे)

लेकी, मी एसटीत ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं. त्यातली नऊ वर्षं गडाच्या आणि तोरणमाळच्या फेऱ्या. भीती घालवायची नाही, ती कामाला लावायची. सांगतो तसं कर.

उतारासाठी एकच सूत्र: ज्या गिअरने तो घाट चढशील, त्याच गिअरने उतर. नांदुरीचा घाट दुसऱ्यात चढते ना गाडी, मग उतरताना पण दुसराच. वळण तीव्र असेल तर वळणाच्या आधी पहिला. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वेग मोडायला. जो माणूस चौथ्या गिअरमध्ये उतरतो आणि पायाने सारखा ब्रेक दाबून ठेवतो, त्याचे लायनर तापतात. आधी जळका वास येतो, मग पेडल मऊ लागतं, मग पकडच राहत नाही. वास आला की जागा बघून थांब, गिअरमध्ये ठेव, चाकापुढे उताराच्या बाजूला दगड लाव आणि वीस-पंचवीस मिनिटं गार होऊ दे. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नको, ती वाकडी होते.

न्यूट्रल कधीच नाही. पेट्रोल वाचतं म्हणून लोक करतात. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिनचं पेट्रोल तसंही बंद होतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि गाडी मात्र हातची जाते. चावी बंद करून उतरणं तर त्याहून वाईट: ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंग जड होतं.

चढताना: वर येणाऱ्या गाडीला वाट आधी. नियमही तोच आहे आणि शहाणपणही तेच, कारण चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उठायला त्रास होतो. उतरणाऱ्याने थांबायचं. तू चढत असशील आणि समोरून कोणी रेटत आला तर मात्र हक्क सांगत बसू नको, थांब.

चढावर थांबावं लागलं तर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची नाही. क्लच जळतो. हँडब्रेक ओढ. निघताना पहिला गिअर टाक, क्लच सोडत आण, गाडी पुढे ओढायला लागलेली जाणवली की हँडब्रेक सोड. हे घरी शिक. जळगावात उड्डाणपुलाचा चढ असेल तिथे पहाटे जाऊन पन्नास वेळा कर. पन्नास म्हणजे पन्नास.

एसटी समोरून आली आणि केसपिनासारखं वळण असेल तर वळणाच्या अलीकडेच थांब. आमच्या गाडीला वळायला पूर्ण रस्ता लागतो. लहान गाडीवाले वळणात घुसतात आणि मग दोघंही अडकतात. आंधळ्या वळणाआधी हॉर्न, आणि आपली डावी बाजू सोडायची नाही, समोर कोणी नसलं तरी.

तुझी गाडी पाच माणसं आणि सामान घेऊन चढणार आहे. घाटात एसी बंद कर, इंजिन तापल्याचा काटा बघत राहा. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर निघायच्या आधी बदल. ते हवेतलं पाणी पितं, आणि तापल्यावर त्याच पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ होतं.

मुलीला उपाशी ठेवू नको, तुडुंब पण नको. मोबाइल हातात द्यायचा नाही. मधल्या सीटवर बसव, समोरचा रस्ता दिसला पाहिजे.

गिरणाकाठ (जळगाव)

आप्पा, तुमचं लिहिलेलं वहीत उतरवून घेतलं. उद्या पहाटेपासून हँडब्रेक सुरू.

मळेकरी (दिंडोरी, मूळ शिरपूर)

मी इथे एका वायनरीत दहा वर्षं बागेचं काम बघतो. तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण येणारे बहुतेक लोक ग्लासपासून सुरुवात करतात, वेलीपासून नाही.

फेब्रुवारी म्हणजे अगदी तोडणीचा काळ. वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. खायच्या द्राक्षाला, थॉमसनला किंवा सोनाकाला, मणी मोठा, साल पातळ आणि बी नाही. शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ ही वाईनची जात: मणी लहान, साल जाड, आत बी. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतून नि बीतून येतो, म्हणून लहान मणीच हवा. रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त राहतं. खायची द्राक्षं मांडवावर किंवा वाय (Y) आकाराच्या आधारावर घेतात. वाईनच्या बागेत तारा उभ्या असतात आणि वेल भिंतीसारखी वर चढवलेली असते, म्हणजे घडाला ऊन आणि वारा लागतो. सासऱ्यांना दोन्ही बागा एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी दिसतील.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पीक दुसऱ्या छाटणीवरच घेतात, पाऊस संपल्यावर. नाशिकची उंची ६०० मीटरच्या आसपास, त्यामुळे जानेवारीच्या रात्री थंड. दिवसा ऊन साखर वाढवतं, रात्रीची थंडी आंबटपणा टिकवून ठेवते. जळगावला हेच द्राक्ष लावलं तर गोड होईल, पण वाईन सपक लागेल. तोडणी पहाटे करतो ती याचसाठी, घड गार असताना. सहा-सातला आलात तर खरी बाग दिसेल. मात्र विचारल्याशिवाय मणी तोंडात टाकू नका, फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं.

कुठे जावं: गंगापूर धरणाकडे सुला (१९९९ पासून) आणि जवळच यॉर्क, सोमा. दिंडोरीत शँडनची स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन. इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झांपा, कावनईला व्हॅलोने. हे तिन्ही भाग तीन दिशांना आहेत. एका दिवसात सगळं करायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल. एका दिवशी एकच दिशा. इगतपुरी बाजू नाशिकपासून ४५ किलोमीटर आहे, कसारा घाट उतरावा लागत नाही. सुट्टीच्या दिवशी आणि सुलाफेस्टच्या (सुलाच्या संगीत महोत्सवाच्या) दिवसांत गंगापूर रस्ता तुंबतो. मंगळवार-बुधवार धरा. फोन करूनच जा, प्रत्येक ठिकाणी बाग दाखवतात असं नाही.

सातपुडा_७१ (शहादा)

एवढं घाबरवू नका ताईंना. टेस्टिंगला जरा जरा तर देतात. चालवणाऱ्यानेही एक-दोन घोट घेतले तर काही होत नाही, वर जेवण करायचं.

घाटकर आप्पा (धुळे)

भो, होतं. मी ज्या तीन अपघातांत दोर लावून माणसं वर काढली, त्यातल्या दोन गाड्यांचे ड्रायव्हर "थोडीच घेतली होती" असेच होते. सपाट रस्त्यावर अर्ध्या सेकंदाचा उशीर खपून जातो. वळणावर अर्ध्या सेकंदात गाडीचं तोंड दरीकडे झालेलं असतं. चालवणाऱ्याने ग्लास हातात घ्यायचाच नाही.

मळेकरी (दिंडोरी)

आप्पांशी शंभर टक्के सहमत. कायद्याने मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे फारच कमी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टेस्टिंगमध्ये प्रत्येक ग्लासात थोडंच असतं, पण पाच-सहा ग्लास झाले की बेरीज होते. सोबत थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका. आम्ही काम करणारे रोज वापरतो. वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं. ज्यांच्यात सगळ्यांनाच चव घ्यायची आहे त्यांनी नाशिकहून त्या दिवसापुरती ड्रायव्हरसकट गाडी करावी.

नवापूरकर (नवापूर)

नंदुरबार-नवापूरच्या लोकांनी हे नीट वाचा. नाशिकहून परत येताना मॅप बऱ्याचदा वणी, सापुतारा, आहवा, नवापूर असा रस्ता दाखवतो. रस्ता सुंदर आहे, डांगाचं जंगल आहे. पण सापुतारा गुजरातेत. तिकडे दारूबंदी आहे आणि वाईन पण दारूच. डिकीत बिलासकट विकत घेतलेली एक बाटली असली तरी तो गुन्हा, गाडीसुद्धा जप्त होते. आमच्या नात्यातला मुलगा साखरपुड्यासाठी दोन बाटल्या घेऊन या रस्त्याने आला, तपासणीत अडकला, आणि साखरपुडा बाजूला राहून घरचे वकील शोधत बसले. त्याला सीमा ओलांडल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. आमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तिथे रस्त्यावर सीमा कोणाला कळणार? बाटली असेल तर सटाणा, पिंपळनेरमार्गेच या.

अमळनेरची_लेक (सध्या पोर्तो, पोर्तुगाल)

हा धागा वाचताना घर आठवलं. मी राहते तिथून दोन तासांवर दोरू नदीचं खोरं आहे, पोर्ट वाईनचा प्रदेश. १७५६ मध्ये मार्किस द पोंबालने त्याची हद्द आखून दिली, २००१ पासून तो जागतिक वारसा आहे. इथे डोंगर उभेच्या उभे आहेत. पाटीच्या दगडाचे बांध घालून पायऱ्या केल्यात आणि त्या पायऱ्यांवर वेली. नाशिकला बागा पठारावर आणि डोंगर मधेमधे, इथे बागच डोंगरावर. रेग्वा ते पिन्याँव हा एन-२२२ रस्ता फक्त २७ किलोमीटरचा, नदीला चिकटून जाणारा. २०१५ मध्ये गाडी चालवायला जगातला सर्वांत चांगला रस्ता म्हणून तो निवडला गेला होता. पण मळ्यापर्यंत जायला तो सोडून वर चढावं लागतं, आणि तिथे एका गाडीपुरती वाट, एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला काही नाही. पहिल्यांदा समोरून द्राक्षाची गाडी आली तेव्हा मी दीडशे मीटर रिव्हर्स घेतला, हात थरथरत होते. तेव्हा आप्पांसारखं कोणी सांगायला नव्हतं.

इथले जाणकार एक करतात: गाडी रेग्वाला लावतात आणि नदीकाठच्या रेल्वेने पिन्याँवला जातात. चव घ्यायच्या दिवशी रेल्वे, डोंगर बघायच्या दिवशी गाडी. मळेकरी दादांनी सांगितलं तेच, फक्त आपल्याकडे रेल्वेच्या जागी ड्रायव्हर.

गिरणाकाठ (जळगाव)

काल रात्री परतलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

निघण्याआधी नऊ दिवस रोज पहाटे पुलाच्या चढावर हँडब्रेकचा सराव केला. पहिल्या दिवशी गाडी सात वेळा बंद पडली. ब्रेक ऑइल बदललं, ते काळं झालेलं निघालं.

मंगळवारी पहाटे पाचला निघालो. मालेगावला नाश्ता, सटाण्यात चहा, साडेअकराला नांदुरी. घाट चढताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर वरून एसटी आली. मी वळणाच्या अलीकडे थांबले, हँडब्रेक ओढला. बस पूर्ण रस्ता घेऊन वळली आणि ड्रायव्हरने हात वर केला. मागे एक मोठी गाडी हॉर्न वाजवत होती, तिच्याकडे लक्ष दिलं नाही. परत निघताना गाडी एक इंचही मागे गेली नाही. आप्पा, त्या क्षणी तुमची फार आठवण झाली.

सासूबाईंना पायऱ्या झेपल्या नसत्या, फनिक्युलर ट्रॉलीने वर गेलो. अठरा हातांची आई समोर उभी राहिली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. बाहेर आल्यावर समोरचा मार्कंडेय डोंगर दाखवून लेकीला गोष्ट सांगितली, की ऋषी तिथून पाठ म्हणतात आणि देवी मान कलती करून ऐकते. उतरताना पूर्ण वेळ दुसरा गिअर. ब्रेक मोजून दाबले. खाली आल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघितला, नुसतं कोमट होतं. लेकीला एकदाही उलटी झाली नाही.

मुक्काम दिंडोरीजवळ. बुधवारी पहाटे साडेसहाला मळ्यात. सासऱ्यांनी घड हातात घेतला, मणी दाबून बघितला आणि तिथल्या माणसाला अर्धा तास प्रश्न विचारले: ठिबक किती, खत कधी, मजूर कुठले. त्याने रिफ्रॅक्टोमीटरमधून साखर दाखवली. सासरे म्हणाले, "केळीला असं एक यंत्र पाहिजे होतं." दुपारी नवऱ्याने सहा ग्लास चाखले. मी द्राक्षाचा रस प्यायले. त्या दिवशी गाडी चालवली तीही मीच, आणि ओझरखेड धरणाच्या कडेला थांबून आम्ही घरून नेलेली कळण्याची भाकरी नि भरीत खाल्लं.

एक चूक झाली. गुरुवारी नाशकात काम लांबलं, निघायला चार वाजले, आणि चांदवड सोडेपर्यंत अंधार. राहुड उतरताना मागून ट्रकचे दिवे डोळ्यात येत होते. डावी लेन, तिसरा गिअर, हळूहळू उतरले. पण बागलाणी दादा, तुम्ही सांगूनही अंधार होऊ दिला, हे मनाला लागलं. पुढच्या वेळी दुपारी दोनच्या आत निघेन.

वाघूरचा_वाटाड्या (जामनेर)

ताई, फार छान. मी एप्रिलमध्ये जायचं म्हणतोय. बाटल्या आणल्या तर जळगावच्या उन्हात टिकतात का? आणि चैत्रात गडाचा रस्ता?

मळेकरी (दिंडोरी)

बंद गाडीच्या डिकीत एप्रिल-मेमध्ये बाटली ठेवली तर वाईन तापून फुगते, बूच वर सरकतं आणि चव उकडलेल्या फळासारखी होते. आणायचीच असेल तर थर्माकोलच्या पेटीत, आडवी, आणि सीटजवळ एसीच्या हवेत. घरी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बिल जपून ठेवा.

पांझराकाठ (धुळे)

चैत्र पौर्णिमेच्या आधी आठ दिवस अख्खा खानदेश गडाच्या वाटेवर पायी असतो. धुळे, मालेगाव, देवळा, कळवण या रस्त्याने रात्रंदिवस पदयात्री चालतात, बायाबापड्या, खांद्यावर लेकरं. नांदुरीपासून खासगी गाड्या बंद असतात, एसटीनेच वर जावं लागतं. त्या दिवसांत गाडी काढू नका. काढलीच तर रात्री अजिबात नको, आणि माणसं दिसली की दिवे खाली करा.

गिरणाकाठ (जळगाव)

सासऱ्यांना आता गोडी छाटणी बघायची आहे, म्हणजे ऑक्टोबर. बागलाणी दादा, या वेळी साक्री-पिंपळनेरवरून शेलबारी घाटाने यायचा विचार आहे, साल्हेर पण दाखवायचा आहे त्यांना. पावसानंतर तो रस्ता कसा असतो?

बागलाणी (सटाणा)

पावसाने कडेची माती खचलेली असते, खड्डेही असतात, पण दसऱ्यानंतर बरीच डागडुजी होते. सकाळी धुकं असलं तर दिवे खालचे ठेवा, चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. निघायच्या आदल्या दिवशी इथे लिहा, मी घाटात जाऊन रस्ता बघून सांगतो. आणि दुपारचं जेवण आमच्याकडे.